उपदेश सुरू झाला की मन घराकडे धावतं

श्रीरामपूर तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

"आमच्या मंडळीत रविवारी साडेनऊला उपासना असते. गीतं चालू असतात तेव्हा माझं मन भरून येतं, प्रार्थनेत डोळ्यांत पाणी येतं. पण पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ वाचून उपदेश सुरू केला की पाच मिनिटांत माझं मन घरी पोहोचतं. मुलाची फी, उसाचं बिल, दुपारचा स्वयंपाक. आशीर्वादाला उभी राहते तेव्हा काय सांगितलं ते एक अक्षर आठवत नाही. पाळकसाहेब भले आहेत, पण कागदावरून वाचतात, आवाज एकाच पट्टीत असतो. मोबाइलवर एका प्रचारकांचे उपदेश ऐकते, ते मनाला भिडतात. माझी जाऊ म्हणते, खरी उपासना गाण्यात आणि प्रार्थनेत असते, उपदेश म्हणजे शिकवणी. माझा पंधरा वर्षांचा मुलगा तर उपदेशभर मांडीवर मोबाइल ठेवून बसतो, आणि मी त्याला कोणत्या तोंडाने बोलू? उपदेश ऐकणं ही खरंच उपासना आहे का? आणि असेल तर मी इतकी वर्षं अर्धीच उपासना करत आले का?"

ताई, सप्रेम सलाम.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देतो. होय, उपदेश ऐकणं ही उपासनाच आहे, आणि ती गीताइतकी व प्रार्थनेइतकी पूर्ण उपासना आहे. गाताना आणि प्रार्थना करताना आपण बोलतो आणि देव ऐकतो. उपदेशाच्या वेळी आपण गप्प बसतो आणि त्याला बोलू देतो. ज्याला आपण प्रभू म्हणतो त्याच्यापुढे आपलं बोलणं थांबवून कान देणं, याहून मोठा मान आपण त्याला आणखी कसा देणार? तुमच्या जाऊबाईंचं म्हणणं मी पुष्कळांकडून ऐकतो, आणि मला ते दर वेळी खुपतं. त्या म्हणण्यात मंडळीचं सगळं काम आपल्या बोलण्यावर येऊन थांबतं.

नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय आज रात्री काढून वाचा. बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले. पुरुष होते, स्त्रिया होत्या, आणि ज्यांना ऐकून समजत होतं अशी सगळी होती. त्यांनीच एज्रा शास्त्र्याला सांगितलं की मोशेच्या नियमशास्त्राचं पुस्तक आण. त्याच्यासाठी लाकडी मंच मुद्दाम तयार केला होता. त्याने पुस्तक उघडलं तेव्हा लोक उठून उभे राहिले. पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन चाललं, मंदिराची सेवा करणारे लेवी जमलेल्यांना अर्थ समजावून देत होते, आणि सर्व लोकांचे कान त्या पुस्तकाकडे लागले होते असं तिथे लिहिलं आहे. त्या अध्यायात एज्राचा आवाज कसा होता, तो बोलण्यात पटाईत होता का, याबद्दल एक शब्द नाही. लोकांनी काय केलं ते मात्र बारकाईने सांगितलं आहे. ते उभे राहिले, हात वर करून त्यांनी आमेन म्हटलं, ते रडले. नंतर घरी जाऊन त्यांनी गोडधोड खाल्लं, ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांना वाटे पाठवले, आणि मोठा आनंद केला, कारण आपल्याला सांगितलेली वचनं त्यांना समजली होती. ती उपासना ऐकणाऱ्यांची होती. एज्राचं नाव आपल्याला ठाऊक आहे, पण त्या दिवसाचं निम्मं काम चौकात उभ्या असलेल्या लोकांनी केलं.

मंडळीने हे पुढेही जपलं. १६४६ साली लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरला जमलेल्या धर्मशास्त्र्यांनी विश्वासाचा जाहीरनामा पूर्ण केला, त्यात देवाच्या नेहमीच्या उपासनेची अंगं मोजून सांगितली आहेत. शास्त्रवाचन, वचनाचा उपदेश आणि स्तोत्रं गाणं यांच्याच रांगेत वचन ऐकणंही ठेवलं आहे, आणि ते कसं ऐकावं तेही लिहिलं आहे: देवाच्या आज्ञेत राहून, समजून, विश्वासाने आणि आदराने. हा जाहीरनामा स्कॉटलंडच्या मंडळीने स्वीकारला, आणि स्कॉटलंडचेच मिशनरी १८२३ पासून मुंबईत आणि कोकणात राबले. कॅथलिक मंडळीनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६३ साली स्पष्ट केलं की मिस्सामधलं, म्हणजे त्यांच्या प्रभूभोजनाच्या उपासनेतलं, प्रवचन हा उपासनेचाच भाग आहे आणि रविवारी सबळ कारणाशिवाय ते गाळू नये. पंथांमध्ये कितीतरी मतभेद आहेत, पण यावर नाही.

तिसऱ्या शतकात पॅलेस्टाईनमधल्या कैसरियात ओरिगेन नावाचे थोर शिक्षक उपदेश करत. निर्गमच्या पुस्तकावर बोलताना त्यांनी आपल्या मंडळीला फार रोखठोक विचारलं. प्रभूभोजनाच्या वेळी भाकरीचा कण खाली पडू नये म्हणून तुम्ही किती जपता, पडला तर स्वतःला दोषी समजता. मग देवाचं वचन कानाआड केलं तर तो दोष लहान कसा? त्याच लोकांबद्दल त्यांची आणखी एक तक्रार होती. काहीजण वाचन चालू असताना देवाच्या घराच्या कोपऱ्यात जाऊन संसाराच्या गप्पा मारत बसतात. तेव्हा ताई, तुमचा त्रास नवा नाही आणि तुमच्या एकटीचा तर मुळीच नाही.

आता मन भरकटण्याबद्दल. याला तुम्ही पाप समजून मनावर ओझं घेतलं आहे असं पत्रातून दिसतं. ते ओझं आधी उतरवा. प्रेषितांची कृत्ये, विसावा अध्याय. त्रोवस शहरात आठवड्याच्या पहिल्या दिवशी विश्वासणारे माडीवरच्या खोलीत जमले होते. रोमी राज्यात तेव्हा रविवारी सुट्टी नव्हती, ती कॉन्स्टंटाईनने ३२१ साली दिली. म्हणजे जमलेल्यांतले पुष्कळजण दिवसभराचं काम आटोपून आले असणार. खोलीत पुष्कळ दिवे जळत होते. प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसला होता, त्याला गाढ झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलला तेव्हा तो मेलेला होता. पौल खाली गेला, त्याने त्याला कवटाळलं, घाबरू नका म्हणाला, मग वर येऊन भाकर मोडली आणि उजाडेपर्यंत बोलत बसला. त्या पोराला कोणी रागावल्याचं हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने लिहिलेलं नाही. थकलेलं शरीर देवाला माहीत आहे. तुम्ही रविवारी पाचला उठून, स्वयंपाक अर्धा करून, सगळ्यांचे कपडे काढून देऊन चर्चला येता आणि मग प्रथमच शांत बसायला मिळतं. त्या घटकेला डोक्यात साठलेलं सगळं वर येणारच.

गाण्यात मन का रमतं तेही पाहा. गाताना तोंड, कान, हात सगळे गुंतलेले असतात. शेजारीण गीताच्या पुढच्या ओळीवर जाते, तुम्ही तिच्याबरोबर जाता. उपदेशात बाहेरून काही काम नसतं, सगळं काम आतल्या आत करावं लागतं. आपल्या मराठी ख्रिस्ती पूर्वजांना हे ठाऊक होतं. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं, पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ते चालवलं. कीर्तनात निरूपण थोडं झालं की पद येतं, श्रोते ध्रुपद उचलतात, टाळ वाजतो आणि मन पुन्हा जागेवर येतं. गोव्यात तर त्याच्याही आधी, १६१६ साली छापलेलं फादर स्टीफन्सचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण चर्चमधून मोठ्याने वाचलं जाई, आणि त्यात श्रोते मध्येच शंका विचारतात, गुरू उत्तर देतात. आपल्या लोकांना नुसतं गप्प बसून ऐकायची सवय कधी नव्हती. आता उपदेशाची पद्धत वेगळी आहे, म्हणून ऐकणाऱ्याने स्वतःला काम द्यायला हवं.

तुमच्यासाठी ते काम शनिवारी सुरू होतं. उद्याचा शास्त्रपाठ कोणता, हे पाळकसाहेबांना किंवा सेक्रेटरींना फोन करून विचारा. संकोच करू नका. आपण काय सांगणार आहोत हे आधी जाणून घ्यायला कोणी उत्सुक आहे, हे कळलं की उपदेश करणाऱ्याचा हुरूप वाढतो. रात्री जेवणं झाल्यावर तो उतारा घरात मोठ्याने वाचा, मुलाला वाचायला सांगितलंत तर आणखी बरं. मग एवढंच स्वतःला विचारा, यातलं मला काय कळलं नाही? ती एक शंका मनात घेऊन झोपा. दुसऱ्या दिवशी उपदेश सुरू होईल तेव्हा तुम्ही रिकाम्या बसलेल्या नसाल, तुमच्या शंकेचं उत्तर येतंय का ते पाहत बसलेल्या असाल. निम्मं भरकटणं इथेच थांबतं, हा माझा अनुभव आहे. आणि रविवारच्या मटणाचं वाटण शनिवारी रात्रीच करून ठेवा. सकाळची भांडी आणि पाणी भरणं यजमानांवर व मुलावर सोपवा. घरातल्या एकीने राबायचं आणि बाकीच्यांनी उपासनेला ताजंतवानं यायचं, हे बरोबर नाही. मार्था कामात गुंतली असताना तिच्या घरी प्रभूने तिच्या बहिणीला, मरीयेला, चरणांपाशी बसून ऐकू दिलं आणि तिचा वाटा तिच्याकडून घेतला जाणार नाही असं सांगितलं. तो वाटा तुमचाही आहे, आणि तो मागून घ्यायला हरकत नाही.

चर्चमध्ये मागच्या बाकावर दाराशी बसत असाल तर पुढे या. छापील पवित्र शास्त्र उघडं ठेवा आणि पाळकसाहेब ज्या ओवीवर बोलतील तिच्यावर बोट ठेवा. लहान वही आणि पेन्सिल जवळ असू द्या. सगळं लिहून काढू नका, लिहिण्यात ऐकणं राहून जातं. एखादं वाक्य मनाला लागलं तर तेवढंच. आणि मुलाची फी डोक्यात आलीच, ती येणारच, तर तिला हाकलण्यात वेळ घालवू नका. "प्रभू, ही फी तुझ्या हाती" एवढं मनात म्हणा आणि बोट पुन्हा ओवीवर आणा. दहा वेळा मन गेलं तर दहा वेळा आणा. प्रत्येक वेळी परत येणं हेही देवाकडे वळणंच आहे, आणि तो ते मोजतो असा माझा विश्वास आहे. फिलिप्पैत नदीकाठी पौल स्त्रियांशी बोलत होता तेव्हा जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया ऐकत होती. तिचं लक्ष पौलाच्या बोलण्याकडे लागावं म्हणून प्रभूने तिचं अंतःकरण उघडलं, असं तिथे लिहिलं आहे. म्हणून उपदेशाआधी डोळे मिटून हेच मागा. लक्ष लागणं हीसुद्धा मागून घ्यायची गोष्ट आहे.

आता पाळकसाहेब. तुम्ही त्यांच्याबद्दल आदरानेच लिहिलं आहे, तरी त्यांचा एकाच पट्टीतला आवाज तुम्हाला अडतो. यहेज्केलाचा तेहतिसावा अध्याय शेवटपर्यंत वाचा. तिथे देव संदेष्ट्याला सांगतो की हे लोक तुझ्यापुढे येऊन बसतात, गोड गळ्याने प्रेमगीत गाणाऱ्याचं ऐकावं तसं तुझं ऐकतात, पण करत काहीच नाहीत. म्हणजे सांगणारा उत्तम असूनही ऐकणं वाया जाऊ शकतं. वक्ता रंगला म्हणजे आपण ऐकलं, असं नसतं. याकोबाच्या पत्रातली ओळ तुम्हाला पाठ असेल: "वचनाप्रमाणे आचरण करणारे असा, केवळ ऐकणारे असू नका." साध्या उपदेशातून तुम्ही सोमवारी जावेशी अबोला सोडलात तर तो उपदेश तुमच्या घरात पोहोचला.

आपल्याकडे एकेका पाळकाकडे अनेक वाड्या-गावं असतात. शनिवारी दफनविधी, संध्याकाळी कोणाच्या घरी भांडण मिटवायला, रविवारी सकाळी एका ठिकाणी उपासना आणि दुपारी दुसरीकडे. कागदावरून वाचणारा माणूस निदान कागद लिहायला बसला होता, हे लक्षात घ्या. उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना आपण सगळे "छान झाला उपदेश" म्हणतो आणि त्यातून त्यांना काही कळत नाही. त्याऐवजी एकच नेमकी गोष्ट सांगा. "पेरणाऱ्याच्या दाखल्यातल्या काट्यांबद्दल बोललात ते मला लागलं, पण खडकाळ जमिनीचं नीट कळलं नाही." असं दोन-तीन जण नियमाने बोलू लागले की पाळकाचा उपदेश बदलतो. आपल्यापुढची माणसं ऐकताहेत हे कळल्यावर कागदावरची नजर वर उठते. आणि तयारी खरोखरच होत नसेल तर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीत मोकळेपणाने, प्रेमाने बोला. त्यांचा शनिवार मोकळा ठेवण्याची जबाबदारी कमिटीने घ्यावी, अभ्यासाला पुस्तकं घेऊन द्यावीत. पाठीमागे कुजबुज करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

लक्षपूर्वक ऐकणं म्हणजे सगळं मान्य करणं नव्हे, हेही सांगायला हवं. बिरुया शहरातल्या लोकांनी पौलाचं वचन मोठ्या उत्सुकतेने स्वीकारलं आणि ते तसंच आहे का हे पाहायला रोज शास्त्र तपासलं, म्हणून लूक त्यांना थोर मनाचे म्हणतो. प्रत्यक्ष पौलाला पडताळून पाहिलं ते चाललं, तर बाकी कोणालाही पडताळावं. अर्पण वाढवा म्हणजे धंदा वाढेल, आजार गेला नाही कारण तुमचा विश्वास कमी, अशी शिकवण कानावर आली तर शास्त्र उघडा आणि ती नाकारा. मोबाइलवरचे प्रचारक ऐकतानाही हाच नेम ठेवा, कारण त्यांना जाब विचारायला तिथे कोणी नसतं.

त्या प्रचारकांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुलना केलीत म्हणून लिहितो. पोळ्या लाटताना एखादा चांगला उपदेश ऐकलात तर त्यात काही वावगं नाही, आठवड्याला बळ मिळतं. रविवारची जागा मात्र तो घेऊ शकत नाही. मोबाइलवर जे टोचतं ते आपण बोटाने पुढे सरकवतो. चर्चच्या बाकावर बसल्यावर टोचणारंही ऐकावं लागतं, आणि ते फार गरजेचं असतं. त्या प्रचारकांना तुमच्या गावात उसाचं बिल थकलं आहे हे माहीत नाही, तुमच्या सासूबाईंना कोणी पुरलं तेही माहीत नाही. तुमच्या पाळकसाहेबांना माहीत आहे. शिवाय तुम्ही एकट्या ऐकत नसता. शेजारी बसलेल्या, वाचता न येणाऱ्या आजीबाई तेच वचन ऐकत असतात, आणि एकाच वचनाखाली सगळ्यांनी मिळून बसणं म्हणजेच मंडळी.

इतकी वर्षं अर्धी उपासना केली का, असं तुम्ही विचारता. तुम्ही येत राहिलात, बसत राहिलात, आणि आता ऐकायची भूक लागली म्हणून पत्र लिहिलंत. ही भूक कुठल्यातरी उपदेशानेच लावली असेल, तुम्हाला तो आठवत नसला तरी. मागचा हिशोब करत बसू नका.

आता मुलाबद्दल. मोबाइल हिसकावून घेऊ नका, त्याच्या मोबाइलमध्ये कदाचित पवित्र शास्त्रही असेल. त्याला स्वतःच्या नावाची छापील प्रत घेऊन द्या आणि शनिवारचं वाचन त्याच्याकडे सोपवा. कोणत्या तोंडाने बोलू असं तुम्ही म्हणता, तर याच तोंडाने बोला. याजक एलीची दृष्टी मंदावली होती, घरातली त्याची मुलं हाताबाहेर गेली होती, तरी रात्री हाक ऐकून पुन्हा पुन्हा धावत आलेल्या लहान शमुवेलाला काय उत्तर द्यायचं ते त्यानेच शिकवलं: "बोल, तुझा दास ऐकत आहे." शिकवणाऱ्याची स्वतःची बाजू लंगडी होती म्हणून देवाने ते शिक्षण नाकारलं नाही.

येत्या रविवारी जेवायला बसलात की त्याला "काय कळलं?" असं विचारू नका. पंधराव्या वर्षी तो प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. आधी तुम्ही सांगा की तुमची शंका कोणती होती, तिचं उत्तर मिळालं की नाही, आणि मधे तुमचं मन कुठे गेलं होतं. मग त्याला विचारा, आजच्या उपदेशातलं तुला काय पटलं नाही? न पटलेलं सांगायची मुभा मिळाली की मुलं कान देऊ लागतात. त्याने काही विचारलं आणि तुम्हाला उत्तर आलं नाही, तर तोच प्रश्न घेऊन दोघं मिळून पाळकसाहेबांच्या घरी जा. जाण्याआधी फोन करा, सोमवारी ते बहुतेक मोकळे असतात.